भजनी मंडळात मी आहेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या शंकांना उत्तरं देणारं सदर येतं. त्यात मागच्या आठवड्यात छप्पन्न वर्षांच्या एका बाईंचं पत्र होतं. नाव अर्थातच नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा परगावी. शेजारच्या इमारतीत राहायला आलेल्या एका बाईंबद्दल मनात जे येतं ते मैत्रीच्या पलीकडचं आहे, लग्नाआधीही एकदा असं झालं होतं, तर मी नक्की कोण, असं त्यांनी विचारलं होतं. सगळं मिळून आठ ओळी. त्यावर तुमच्या तज्ज्ञांनी दिलेल्या उत्तराचं कात्रण मी काढून ठेवलं आहे. ही भावना एकटेपणातून आली आहे, असं त्यात म्हटलं आहे. आपण उभयलिंगी असल्याचा समज करून घेऊ नका, योग्य उपचारांनी असे विचार दूर होतात, असंही आहे. आणि शेवटी, भजनी मंडळ, योगासनं यांत मन रमवा.

भजनी मंडळात मी आहेच. गेली अकरा वर्षं. टाळांची पिशवी माझ्याकडे असते, आणि कार्तिकात काकड्याला देवळाचं दार उघडायच्या आत मी पायरीवर असते. योगासनंही करते, गुडघे करू देतात तेवढी. नवरा होता तेव्हा एकटेपणा नव्हता, घर भरलेलं होतं. तरीही मी त्या बाईंसारखीच आहे. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. लांबलं तर काटछाट करा, पण कुठे कात्री लावायची नाही ते पुढे सांगते.

आधी शब्दाचं बोलते. मास्तरकीची खोड, जात नाही. कराडच्या एका हायस्कुलात मी छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि २०१९ साली निवृत्त झाले. ‘उभयलिंगी’ हा शब्द मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आले. जास्वंदीचं फूल उभयलिंगी, गांडूळ उभयलिंगी, जळू उभयलिंगी. म्हणजे एकाच शरीरात नराची आणि मादीची, दोन्ही इंद्रियं. मागच्या बाकावर खुसखुस व्हायची, आणि दर दोन-तीन वर्षांनी एखादा धीट पोरगा विचारायचाच, ‘बाई, मग गांडुळाला लग्नाची काय गरज?’ गरज असते. त्याच्या शरीरातली शुक्रबीजं आधी पिकतात आणि अंडी नंतर, त्यामुळे दोन्ही असूनही त्याला दुसरं गांडूळ शोधावंच लागतं. हे सांगितलं की वर्ग गप्प व्हायचा.

माझ्या शरीरात तसलं काही नाही. माझं दोन्हीकडे आहे ते जीव जडण्याचं. पुरुषावर जडला, बाईवरही जडला. याला उभयलैंगिक म्हणावं. जन्मतःच ज्यांच्या शरीरात दोन्हींची लक्षणं असतात ती माणसं वेगळी, त्यांच्या अडचणी वेगळ्या. सगळ्यांना एकाच शब्दात कोंबलं की त्यांचाही घोटाळा होतो आणि आमचाही. छप्पन्न वर्षांच्या एका बाईने आयुष्यात पहिल्यांदा धीर करून विचारावं, आणि तिला उत्तरात गांडुळाचा शब्द मिळावा, हे बरं दिसत नाही.

गांडुळाचा विषय निघाला आहे तर तिथूनच सांगते. १९८० साली मी कोल्हापुरात बी.एस्सी.ला होते. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मेणाच्या ट्रेमध्ये गांडूळ टाचण्यांनी ताणून बसवायचं, वर पाणी घालायचं आणि पाठीवर काप द्यायचा. काप बरोबर मध्यावर द्यायचा नसतो, जरा बाजूने द्यायचा असतो, नाहीतर मधली रक्तवाहिनी फुटते आणि ट्रेमधलं पाणी लाल होतं. माझं पाणी दर वेळी लाल. शेजारच्या टेबलावर जी मुलगी होती ती होस्टेलला माझ्याच खोलीत राहायची. एका दुपारी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली, माझ्या हातावर हात ठेवला आणि माझ्याच बोटांनी तो काप देऊन टाकला. शेपटाकडून तोंडापर्यंत, एका रेषेत. पाणी नितळ राहिलं. तिच्या काचेच्या बांगड्या माझ्या मनगटाला गार लागत होत्या. चौदाव्या वलयात काय आणि अठराव्या वलयात काय, सर जे सांगत होते त्यातलं अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही. पुढे छत्तीस वर्षं तोच धडा शिकवताना दर वेळी खडू हातात घेऊन मी क्षणभर थांबायचे. पोरांना वाटायचं बाई विसरल्या.

दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. त्याबद्दल इथे एवढंच लिहिते की ती नुसती मैत्री नव्हती, आणि ते दोघींनाही कळत होतं. निदान मला तसं वाटत होतं. (२०१९ साली आमच्या बॅचचा मेळावा झाला. ती नातवंडांचे फोटो घेऊन आली होती. सगळ्यांसमोर हसत म्हणाली, ‘आम्ही दोघी एका ताटात जेवायचो, काय वेडेपणाचं वय होतं नाही?’ आणि बटाटेवड्याची डिश पुढे सरकवली. तिचं तिच्यापाशी. मी वडा घेतला.)

१९८४ साली माझं लग्न झालं. पोहे, पत्रिका, बैठक, सगळं रीतसर. इथे वाचक धरून चालतील की मी मन मारून संसार केला. तसं नाही हो. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. सकाळचा पहिला चहा ते करायचे, आणि माझ्या कपात साखर घालून ढवळायला हमखास विसरायचे. तीस वर्षं मी तळाची साखर बोटाने चाटून खाल्ली. आता साखरच बंद झाली आहे, तो भाग वेगळा. मला ते आवडायचे. माणूस म्हणून आवडायचे, आणि साठी उलटलेल्या बाईने असलं लिहू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाक्य इथेच सोडावं, पुरुष म्हणूनही आवडायचे. २०१४ साली ते गेले. मंडळात मी त्याच वर्षी जायला लागले. एकटेपणा होता, आणि तो भजनाने थोडाफार गेलाही. बाकीचं गेलं नाही, कारण ते एकटेपणातून आलेलंच नव्हतं.

एकदा त्यांना सांगायची संधी आली होती. १९९८ चा डिसेंबर. दोन जावांच्या प्रेमावरच्या एका सिनेमावरून मुंबईत थिएटरांची मोडतोड झाली, ती बातमी यांनी मोठ्याने वाचून दाखवली. मग पेपर खाली ठेवून म्हणाले, ‘त्या दोघींचं तरी काय चुकलं? नवरे बघत नव्हते म्हणून तसं झालं असणार.’ त्या काळात, आमच्या गल्लीत, इतकं बोलणारा पुरुष दुसरा नसता सापडला. मला म्हणायचं होतं, ‘अहो, नवरा बघत असला तरी असतं.’ पण म्हटलं नाही. म्हणाले असते तर त्यांना वाटलं असतं, आपलंच कुठेतरी कमी पडलं. आणि ते खरं नव्हतं.

तुमच्या तज्ज्ञांचंही नेमकं इथेच चुकतं. कशाची तरी उणीव असली म्हणजेच हे असं होतं, असं धरून ते चालतात. प्रेमळ नवरा नव्हता, मुलं लांब गेली, दिवस खायला उठतो, म्हणून बाई बाईकडे बघते. अमेरिकेतला किन्सी मूळचा प्राणिशास्त्रज्ञ, झाडांवर गाठी करणाऱ्या गांधीलमाश्यांचा अभ्यास करणारा. त्याने १९४८ साली पुरुषांच्या आणि १९५३ साली स्त्रियांच्या लैंगिक वर्तनावर जे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांत शून्य ते सहा अशी मोजपट्टी दिली होती. एका टोकाला फक्त भिन्नलिंगी ओढ, दुसऱ्या टोकाला फक्त समलिंगी, आणि मधल्या आकड्यांवरही माणसं आहेतच. त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली, ती रास्तही असेल. पण ही मधली माणसं उपाशी आहेत म्हणून मध्ये आहेत, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

आता मी कुठे कुठे नव्हते ते सांगते. १९९५ साली मुंबईत समलिंगी आणि उभयलैंगिक बायकांनी ‘स्त्री संगम’ नावाचा गट काढला. आज तो ‘लेबिया’ नावाने काम करतो. त्या वर्षी मी चौतीस वर्षांची होते आणि कराडात प्रौढ साक्षरतेचे वर्ग घेत होते. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला, आणि या विषयावर मराठीत, आपल्याला समजेल असं लिहीत राहिले. मला पत्ता नव्हता. २०११ च्या डिसेंबरात पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा निघाली तेव्हा मी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने दंडविधानाच्या कलम ३७७ मधला, प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी निकालात लिहिलं की इतिहासाने या लोकांची माफी मागायला हवी. स्टाफरूममध्ये इतिहासाच्या सरांनी ते फोनवर वाचलं आणि ‘आम्ही कशाला माफी मागायची?’ असा विनोद केला. सगळे हसले. मीही हसले. तो आवाज अजून कानात आहे, माझा स्वतःचा.

कराड ते पुणे एसटीने साडेतीन-चार तास. तेवढ्या अंतरावर हे सगळं चाललं होतं.

सांगितलं ते अगदीच अनवधानाने. माझी एकसष्टी झाली त्यानंतरचा जानेवारी, २०२३. पुण्यात लेकीकडे मटार सोलत बसले होते. नववीतली नात शेंगा सोलायच्या म्हणून बसली होती आणि निम्मे दाणे तोंडात टाकत होती. विचारते, ‘आजी, कॉलेजात तुझा क्रश कोण होता?’

मी म्हणाले, ‘होती.’

मला ‘होता’ म्हणायचं होतं. एखादं नावही सांगणार होते, वर्गातल्या एका मुलाचं. बेचाळीस वर्षं जीभ सांभाळली आणि एका ईकाराने दगा दिला. मराठी क्रियापद काही लपवू देत नाही.

नातीने मान वर केली. ‘होती?’ मग जरा विचार करून, ‘आणि आजोबा?’

‘तेही आवडायचे.’

‘अच्छा. म्हणजे तू बाय आहेस.’ (इंग्रजी ‘बायसेक्शुअल’चं छोटं रूप, म्हणजे उभयलैंगिकच.)

‘अगं बाय!’ माझ्या तोंडून निघालं, आपण नवल वाटल्यावर म्हणतो ना, तसंच. पोरगी हसून लोळायला लागली. तिला वाटलं आजीने कबुलीजबाब दिला. मलाही हसू आलं. मग लक्षात आलं की स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी न होता बंद झालाय. लेकीने गॅस घालवला होता आणि ती दारात उभी होती.

ती तेव्हा काही बोलली नाही. रात्री पांघरुणं घालताना एकच प्रश्न विचारला, ‘मग बाबा काय होते?’

हा प्रश्न मला पुढे पुष्कळांनी विचारला, पण तिच्याइतका लागला कुणाचाच नाही. कारण तिला माझा राग आलेला नव्हता, ती बापाच्या बाजूने उभी होती. मी म्हणाले, तुझे बाबा तुझे बाबाच होते आणि माझा नवरा होते, त्यात मी काही नाटक केलं नाही. तिला पटलं नाही. चार महिने आमचं बोलणं भाजी आणि औषधांपुरतं होतं. जावयांनी विषय काढला नाही. त्यांनी माझ्या मोबाइलचं रिचार्ज वेळेवर केलं. त्यांच्या भाषेत तेच उत्तर असावं.

पुण्यातला गट नातीने शोधून दिला. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथे येणाऱ्या सगळ्यांच्या घरी माहीत नसतं. लेक स्कूटरवर सोडायला आली, कोपऱ्यावरच थांबली. मी जिना चढून गेले. दारात एक गोड मुलगा उभा होता, हातात नावांची यादी. म्हणाला, ‘या काकू, बसा. तुमचा मुलगा आहे की मुलगी?’ समलिंगी मुलांचे आईवडील येतात अधूनमधून, त्याला वाटलं मी त्यांपैकी. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, ‘घाबरू नका, सुरुवातीला सगळ्याच आयांना जड जातं.’

मी म्हणाले, ‘अरे, मुलगा नाही नि मुलगी नाही. मीच.’

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आता तो मला ‘मीच काकू’ म्हणतो.

पहिल्या दिवशी गोल करून बसले आणि प्रत्येकाने नाव आणि स्वतःसाठी कुठलं सर्वनाम वापरावं ते सांगायचं होतं. मुलं इंग्रजीत सांगत होती. माझी पाळी आल्यावर मी म्हणाले, मराठीत याची फारशी गरज पडत नाही, मी ‘आले’ म्हटलं की झालं. त्यावर एकजण म्हणाला, की म्हणाली, माझी अजून गडबड होते, ‘काकू, मला आलो पण नको आणि आले पण नको, मी काय म्हणू?’ मला उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही. पण छत्तीस वर्षं वर्गात उत्तरं देऊन झाल्यावर न येणारा प्रश्न समोर आला, याची मला मजा वाटली.

सगळं गोडीगुलाबीचंच होतं असं नाही. तिसऱ्या की चौथ्या बैठकीला तिशीतली एक मुलगी माझ्या तोंडावर म्हणाली, ‘बाय बायकांचं बरं असतं. लग्न करून सेफ होतात, आणि म्हातारपणी येतात गप्पा मारायला. शिव्या आम्ही खाल्ल्या.’ मला राग आला. घरी येऊन जेवले नाही. पण ती निखालस खोटं बोलत नव्हती. तिला विसाव्या वर्षी आईबापांनी घराबाहेर काढलं होतं. माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं, रेशन कार्डावर नाव होतं, पेन्शन आहे. मी काही लबाडीने मिळवलेलं नाही ते, पण मिळालं तर होतंच. हे तिला मी नंतर सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं.’ आमची मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. गेल्या दिवाळीत तिने माझ्याकडून चकलीची भाजणी नेली.

आमचा खरा जम बसला तो वेगळ्याच ठिकाणी. त्या गटातूनच आम्ही चार जुनी खोडं एकत्र आलो. एक गृहस्थ, महावितरणमधून निवृत्त, वय बासष्ट. त्यांच्या पत्नीला सगळं माहीत आहे, आणि त्याही येतात. आमच्यात सगळ्यांत चांगला स्वयंपाक त्यांचाच. दोघी बायका एकत्र राहणाऱ्या, एक सहासष्ट वर्षांची, एक साठीची. थोरलीचं आधी लग्न झालं होतं, मुलगा आहे, तीही माझ्यासारखी बाय. आणि मी. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्या दोघींच्या फ्लॅटवर जमतो. लोकांना वाटत असेल तिथे काय गुह्य बोलणं चालत असेल. बीपीच्या गोळ्या सकाळी घ्याव्यात की रात्री, मोतीबिंदूला कुठली लेन्स, मृत्युपत्राला साक्षीदार कोण चालतो, हे बोलणं चालतं. आणि मध्येच, कुणाला तरी चाळिसेक वर्षांपूर्वीचं काहीतरी आठवतं आणि तो ते सांगतो. कुणी ‘मग बायको काय होती?’ असं विचारत नाही. पुण्यातली मुलंही ऐकून घेतात, पण त्यांना समजावून सांगावं लागतं. इथे अर्ध्या वाक्यावर थांबलं तरी चालतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थखात्याने स्पष्ट केलं की समलिंगी आणि इतर अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काहीही आडकाठी नाही. लग्नाचा हक्क सुप्रीम कोर्टाने २०२३ साली दिला नाही, तर निदान हे. आमच्या त्या दोघी लगेच बँकेत गेल्या. मी सोबतीला होते. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म बघितला आणि ‘नातं’ या रकान्यावर पेन टेकवून विचारलं, ‘इथे काय लिहू, मावशी? बहीण लिहू का?’ थोरली म्हणाली, ‘बहीण नाही.’ मग जरा वेळ कोणीच काही बोललं नाही, मागे रांग वाढली होती, एका आजोबांनी खाकरायला सुरुवात केली. शेवटी धाकटीने पेन घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘मैत्रीण’. बावीस वर्षं एकत्र राहतात त्या. बाहेर आल्यावर थोरली म्हणाली, ‘रकाना लहान होता.’

मी कराडहून दर महिन्याला जाते. शेजारी सांगते, डोळे दाखवायला चालले. माझे डोळे आजवर इतक्या वेळा तपासून झालेत की एका शेजारणीने पाठ केलेली आयुर्वेदिक काढ्याची कृती लिहून दिली. आणखी एक गंमत. आमच्या, म्हणजे उभयलैंगिक माणसांच्या, झेंड्याचे तीन रंग असतात, १९९८ साली अमेरिकेत ठरलेले: वर गुलाबी, मध्ये जांभळा, खाली निळा. नातीने चित्र दाखवलं. मी त्या रंगांचं क्रोशाचं तोरण करून दाराला लावलं. पलीकडच्या वहिनींना रंगसंगती इतकी आवडली की तसंच करून द्या म्हणाल्या. दिलं करून. आता आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारांना ते तोरण आहे.

सासरी सांगितलेलं नाही. नणंदबाई हा पेपर घेतात. ओळखलं तर ओळखलं.

आणि आता तुमच्या भजनी मंडळाचं. खरं म्हणजे सल्ल्याचा तो भाग अगदीच चुकीचा नाही, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या मंडळात पेटी वाजवणाऱ्या बाई आहेत, सत्तरीच्या, चौथी शिकलेल्या, पती शेतकरी. संध्याकाळी आम्ही दोघी प्रीतिसंगमावर फिरायला जातो. तिथे कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि मग काटकोनात वळून पुढे जातात. बघायला मोठं सुरेख आहे. (उपमा द्यायचा मोह होतो. देत नाही.) गेल्या वैशाखात बाकावर बसलो होतो, पाणी कमी होतं, पोरं वाळूत क्रिकेट खेळत होती. त्यांनी सहज विचारलं, ‘पुण्याला खरं कशाला जाता हो? डोळं तर चांगलं दिसत्यात तुमचं.’ मी सांगितलं. नवीन शब्द एकही वापरला नाही. कोल्हापूरच्या मुलीचं सांगितलं, यांचं सांगितलं, आणि तसल्याच माणसांत बसायला जाते म्हणाले.

त्यांनी ऐकून घेतलं. पदराने चष्मा पुसला. म्हणाल्या, ‘आमच्या माहेरच्या गावात होत्या अशा दोघी. एकत्र शेत करायच्या. लोक बोलायचं, पर सुगीला त्यांच्याच बांधावर जेवायला बसायचं.’ मग जरा थांबून, ‘एकादशीला येणार न्हवं? टाळ तुमच्याकडं हायेत.’

गेले. दशमीला रात्री त्यांचा नातू चिवडा घेऊन आला होता, तो वेगळाच.

संपादक महोदय, वाचकांच्या अशा पत्रांना उत्तर देणं जोखमीचं असतं, हे मराठी नियतकालिकांना नवीन नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई हायकोर्टात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. निकाल विरोधात गेला, कर्वे दंड भरून पुन्हा उत्तरं द्यायला बसले. आज तुमच्यावर कोणी खटला भरणार नाही. उलट, उपचारांनी ही ओढ घालवता येते असं सांगणाराच अडचणीत येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० साली काढली, आणि अशी ओढ ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन धरावं, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली राज्यांच्या परिषदांना कळवलं आहे. तुमच्या तज्ज्ञांच्या कानावर घाला. माझा त्यांच्यावर राग नाही. मीही स्टाफरूममध्ये हसले होते.

पत्रात काटछाट करायची तर किन्सीचं काढा, गांडुळाचंही थोडं काढलं तरी चालेल. १९९८ सालचा तो परिच्छेद मात्र ठेवा. आणि पुढच्या ओळी त्या बाईंसाठी आहेत, त्या जशाच्या तशा छापा.

ताई, तुमच्या शेजारणीच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, त्याबद्दल मी काही सांगू शकत नाही. माझीने पुढे बटाटेवडा सरकवला होता. पण तुम्ही पत्रात विचारलं होतं ते शेजारणीबद्दल नव्हतंच, ‘मी कोण’ असं होतं. तेवढ्यासाठी कुणाची वाट बघायला नको. तुमचे पती गेले त्याचं दुःख तुम्ही आमच्यात बसूनही करू शकता, आमच्यात दोन विधवा आहेत. माझा पत्ता आणि फोन संपादकांकडे आहे, तुम्ही कळवलंत तर ते देतील अशी मी त्यांना विनंती करते. दुसरा रविवार, सकाळी अकरा. या महिन्यात पिठलं-भाकरी आणि लेकीने पाठवलेल्या गुळपोळ्या आहेत. ती अजून वर येत नाही, कोपऱ्यावरूनच डबा देते. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बऱ्याचदा बंद असते. गुडघ्यांचा त्रास असेल तर आदल्या दिवशी सांगा. खाली सोसायटीच्या बागेत बाक आहेत, आम्हीच उतरून येतो.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, कराड
(नाव छापू नये. संपादकांच्या माहितीसाठी सोबत दिलं आहे.)